अक्षरकविता कोणासाठी?

मालेगावातील एका उर्दू प्राथमिक शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. काही वर्षांपूर्वी आमच्या स्नेहसंमेलनात पहिलीच्या मुलांनी मी लिहिलेली उर्दू अक्षरकविता म्हटली. अलिफपासून बडी येपर्यंत प्रत्येक हर्फाला दोन ओळी, गळ्यात पुठ्ठ्याचे हर्फ, जोडीला हातवारे. अर्धी मुले ओळी विसरली, तेव्हा एका मुलाने माईक हातात घेऊन सगळी कविता एकट्याने म्हणून टाकली. पालकांनी टाळ्या वाजवल्या, पाहुण्यांनी पाठ थोपटली, प्रमाणपत्र दिले. माझीही छाती फुगली, खोटे कशाला बोलू! दुसऱ्या दिवशी तो मुलगा ते प्रमाणपत्र घेऊन माझ्या टेबलाजवळ आला आणि म्हणाला, "टीचर, इसमें मेरा नाम किधर है?"

नाव तीन हर्फांचे होते, मोठ्या अक्षरांत मीच लिहिलेले. ते तिन्ही हर्फ त्याने आदल्या संध्याकाळी भरल्या मंडपात खणखणीत आवाजात म्हटले होते.

त्या दिवसापासून अक्षरकविता या प्रकाराकडे मी संशयाने पाहू लागले. उर्दू कायदे, मराठी अंकलिप्या, बालगीतांची छोटी पुस्तके, जे मिळेल ते जमवले आणि वाचले. आपल्याकडे गझलेवर लिहिले जाते, कथेवर लिहिले जाते; अक्षरकवितेला साहित्य मानायला मात्र कोणी फारसे तयार नसते. 'मुलांसाठी काहीतरी' म्हणून ती लिहिली जाते आणि तशीच छापली जाते. आपल्या मुलांची छापील शब्दाशी पहिली गाठ याच ओळींतून पडते, म्हणून या ओळी नीट तपासल्या पाहिजेत असे मला वाटते. सुरुवात स्वतःच्याच कवितेपासून करते.

माझ्या कवितेत 'जोय' या हर्फासाठी पुढील ओळी होत्या:

जोय जुरूफ हैं चम चम चम
धो के रखें इन को हम

ओळी कानाला बऱ्या लागतात. (मराठी छपाईत नुक्ता देत नाहीत, त्यामुळे येथे सगळे 'ज' सारखेच दिसतील. वाचकांनी ते उर्दूच्या कानाने ऐकावेत.) वर्गात शिकवताना एका मुलीने विचारले, "टीचर, जुरूफ क्या होता?" मी म्हणाले, "बर्तन." ती लगेच म्हणाली, "तो बे से बर्तन बोलो ना!"

या एका वाक्यात माझ्या कवितेची पूर्ण समीक्षा झाली होती, पण ती समजायला मला बराच काळ लागला. जुरूफ हा शब्द मला कोशातून मिळाला होता. जोयपासून सुरू होणारा, चित्र काढता येईल असा शब्द हवा होता, तो सापडल्याचा मला आनंद झाला. मुलीच्या घरात बर्तन होते, भांडे होते, पतेली होती, जुरूफ नव्हते. म्हणजे मी तिला एक अनोळखी हर्फ शिकवायला एक अनोळखी शब्द दिला आणि वर यमक दिले.

बी.एड.ला 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. ते कवितेलाही लागू पडते हे तेव्हा कोणी सांगितले नाही, आणि मलाही सुचले नाही.

अक्षरांच्या क्रमाने कविता रचण्याची परंपरा आपल्या देशात जुनी आणि मोठी आहे. पद्मावतकार मलिक मुहम्मद जायसी यांनी 'अखरावट' नागरी अक्षरांच्या क्रमाने रचले. कबीरांची 'बावन अखरी' गुरू ग्रंथसाहिबात आहे. पंजाबी सूफींनी सीहर्फी हा प्रकार फुलवला; सतराव्या शतकातील सुलतान बाहूंचे बैत अलिफ, बे, ते याच क्रमाने लावलेले असतात. या रचनांची थोरवी मी सांगायला नको. परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या रचना ज्याच्यासाठी आहेत त्याला अक्षरे आधीच येतात. तेथे अक्षर ही भिंतीतली खुंटी आहे आणि कवी त्यावर एक गहन अर्थ टांगतो. अक्षर ओळखीचे, अर्थ अनोळखी.

मिर्झा गालिब यांचे 'कादिरनामा' याच अंगाने पाहता येईल. आरिफच्या मुलांसाठी, म्हणजे गालिब यांच्या घरात वाढणाऱ्या दोन पोरक्या मुलांसाठी, ते लिहिले असे सांगितले जाते. एवढा मोठा शायर मुलांसाठी खाली बसला याचे मला फार अप्रूप आहे. पण 'कादिरनामा' अक्षरे शिकवत नाही. ते फारसी-अरबी शब्दांचे सोपे अर्थ यमकात बसवून देते. 'खालिकबारी'चाही हेतू तोच. ती अमीर खुसरो यांची नसून नंतरच्या कोणा कवीची आहे असे हाफिज महमूद शीरानी यांनी मांडले, तो वाद येथे नको. मुद्दा एवढाच की आपल्याकडे पद्यातून शिकवण्याची जी मोठी परंपरा आहे, ती बहुतांशी अक्षर येणाऱ्यांसाठी आहे.

पहिलीतल्या मुलाची वाट नेमकी उलटी आहे. त्याला शब्द येतात, शेकडो येतात, अक्षर येत नाही. त्याच्या तोंडातल्या शब्दाचा हात धरून त्याला अक्षरापर्यंत न्यायचे आहे. आपण अक्षरकविता लिहिणारे बहुतेक जण नकळत सहा वर्षांच्या मुलांसाठी सीहर्फी लिहितो. अलिफ आला की अदब, ऐन आला की इल्म, सीन आला की सच्चाई. नसीहतींची रांग लागते. शब्द चांगले आहेत, पण अदबचे चित्र कसे काढायचे? एका कायद्यात त्यासाठी हात बांधून उभा असलेला मुलगा काढलेला मी पाहिला. माझ्या वर्गाने ते चित्र पाहून शब्द वाचला: 'सजा'.

उर्दूत अडचण आणखी मोठी आहे, आणि तिची कारणे इतिहासात आहेत. से, सीन आणि स्वाद या तिन्ही हर्फांचा आवाज आपल्या तोंडी एकच, स. जाल, जे, ज्वाद आणि जोय या चारांचा आवाज एकच. ते आणि तोय यांचा एकच. अरबीत हे आवाज वेगळे आहेत. फारसीत ते एक झाले आणि लिखाण मात्र जुनेच राहिले, तेच उर्दूत आले. म्हणजे हे फरक कानाचे नाहीत, डोळ्याचे आहेत. कविता कानाची वस्तू. स्वादसाठी कितीही गोड ओळ लिहिली तरी त्या ओळीतून मुलाला स्वाद ऐकू येणार नाही, त्याला स ऐकू येईल, आणि तो सीन लिहून मोकळा होईल. यात मुलाचा काय दोष?

दुसरी अडचण नावाची. मराठीत अक्षराचे नाव आणि अक्षराचा आवाज जवळजवळ एकच आहे. 'म'ला म म्हणतात. उर्दूत मीम म्हणतात. कवितेला मीम, लाम, नून ही नावे सोयीची. लाम आला की काम, शाम, आम हजर. परंतु मुलाला वाचताना नाव सोडून आवाज तेवढा घ्यायचा असतो. माझ्या त्या बक्षीसवाल्या मुलाला अडतीस नावे पाठ होती. नावांच्या आतला आवाज सोलून काढायला त्याला कोणी शिकवलेच नव्हते, आणि माझी कविता तर साल अधिक चकचकीत करीत होती. जुने उस्ताद 'मीम अलिफ मा' असे हिज्जे घोकून घेत, ते आम्ही शिकल्यासवरल्या लोकांनी मागासलेले ठरवले. त्या हिज्जेत निदान नावाकडून आवाजाकडे जाण्याची पायरी तरी होती.

अलिफचेच पाहा. 'अलिफ से अनार' सगळीकडे असते, आणि आमच्या भागात ते शोभूनही दिसते. सटाणा-मालेगावकडे डाळिंबाच्या बागा आहेत, हंगामात हातगाड्या लाल होतात. मूल शिकते की अलिफ म्हणजे 'अ'. पुढच्या महिन्यात इमली येते, उस्ताद येतात, दोन्ही अलिफनेच सुरू होणारे. बिचारे मूल 'अमली' वाचते. अनारसोबत इमली आणि उस्ताद यांना एकाच कडव्यात बसवणारी कविता मी शोधली, मला मिळाली नाही. सगळ्यांना एक हर्फ, एक शब्द, एक चित्र हवे.

आता मराठीकडे येते. 2020 च्या कायद्यानंतर महाराष्ट्रातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी शिकवणे बंधनकारक आहे. उर्दू शाळांत मराठी त्याआधीही होतीच. आमच्या मुलाच्या हातात मराठीची अंकलिपी येते तेव्हा तो 'अ अननसाचा, क कमळाचा' वाचतो. मालेगावात कमळ कोठे पाहायचे? क अक्षरासाठी शब्द सांगा म्हटल्यावर माझ्या वर्गातून पहिला शब्द आला 'कांडी'. ज्यांना मालेगाव-भिवंडी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: यंत्रमागाच्या धोट्यात सूत गुंडाळलेली जी नळी बसवतात ती कांडी. पुष्कळ घरांत आई किंवा आजी कांडी भरते. लसूण, लगोरी हे शब्द मला सुचत होते तेव्हा ल अक्षरासाठी मुलांनी सांगितले 'लूम'. त्या लूमच्या खडखडाटात ती जन्मली आहेत. कोणत्याही अंकलिपीत मी 'क कांडीचा' वाचलेला नाही. कोल्हापूरकडच्या मुलाला त्याचा उपयोग नाही, हे मान्य. पण मग अननसाचा तरी किती जणांना आहे?

आपल्यातल्या काही पालकांना अंकलिपीतला 'ग गणपतीचा' खटकतो. दुसरीकडे काही उर्दू कायदे प्रत्येक हर्फाला धार्मिक शब्दच शोधून बसवतात. मला दोघांनाही एकच विचारावेसे वाटते, हा शब्द मुलाच्या ओळखीचा आहे का? गणपती आमच्या मुलांनी पाहिलेला आहे, त्याच्या मिरवणुकीतले ढोलही ऐकले आहेत. गैनसाठी दिला जाणारा गनीम कोणी पाहिला? सेसाठी सकाफत निरुपयोगी, आणि सवाब उपयोगी, कारण सवाब हा शब्द मुलाने आजीच्या तोंडून रोज ऐकला आहे. त्याचे चित्र निघत नाही हे खरे, पण हिज्जे करता करता मूल त्याला ओळखते आणि हसते. मजहब किंवा संस्कृती यांच्या नावाने शब्द निवडणाऱ्याने आधी मुलाच्या घरात तासभर बसून नुसते ऐकावे.

मराठी अंकलिपीकडून उर्दू कायद्याने एक गोष्ट मात्र जरूर घ्यावी. मराठीत ण आणि ळ शब्दाच्या आरंभी येत नाहीत. अंकलिपी तेथे हट्ट करीत नाही, सरळ 'ण बाणाचा', 'ळ बाळाचा' म्हणते. अक्षर शब्दाच्या शेवटी असले तरी चालते. उर्दूतही ड़ेच्या बाबतीत हाच मार्ग घेतात, कारण इलाज नसतो. पण ही सवलत फक्त ड़ेलाच का? मी जुरूफ शोधत कोशाची पाने उलटत होते, तेव्हा माझ्या आजूबाजूला हे सगळे हर्फ घरच्या शब्दांत बसलेले होते. नजरमध्ये जोय आहे, हाफिजमध्ये जोय आहे. दुपारच्या जोहरची अजान शाळेत ऐकू येते; त्या जोहरच्या तर आरंभीच जोय आहे, आणि अजानमध्ये जाल. रमजानमध्ये ज्वाद. रोज सकाळी हजेरीला मुले 'हाजिर' म्हणतात, त्यात ज्वाद. साबुनच्या आरंभी स्वाद. ज्या कागजवर मूल लिहिते त्याच्या शेवटी जाल. हे शब्द सोडून मी जुरूफकडे गेले याचे कारण मुलांची गरज नव्हती. मला माझी उर्दू दाखवायची होती, हे आज मान्य करायला हरकत नाही.

येथे तोयची एक गंमत सांगते. पुष्कळ कायद्यांत 'तोय से तोता' असते. मुलांना पोपट आवडतो, कवींनाही. आणि उर्दू इमला सुधारू पाहणारे विद्वान म्हणतात की तोता हा देशी शब्द, तो तेनेच लिहावा. विद्वानांचे बरोबर असेल, पण तोयकडे होता नव्हता तो एक पक्षी उडाला. मी आता तबला घेते.

आमच्या मुलांच्या मराठीत खरी परीक्षा ळ आणि ण यांची असते. उर्दू बोलणाऱ्या घरात हे आवाज नाहीत. मूल कमळला कमल म्हणते आणि पाणीला पानी. 'ळ बाळाचा' ही ओळ एकदा म्हणून पुढे गेल्याने जीभ वळत नाही. येथे कवितेचे खरे काम आहे, कारण हा फरक कानाचा आहे. मी दोन ओळी जुळवल्या:

काल म्हणाली काळी गाय
वेळ झाली, वेल खाय

कविता म्हणून यात काही नाही. परंतु काल आणि काळी, वेळ आणि वेल यांत गोंधळ केला की गायीचा अर्थच बिघडतो, आणि मुले एकमेकांना पकडतात. डाळिंब हा शब्दही आम्ही असाच घेतला. उर्दूच्या तासाला तेच फळ अलिफचे अनार असते आणि मराठीच्या तासाला त्याच्या पोटात ळ असतो. याउलट श आणि ष यांचा फरक आज मराठीतही बहुतांशी डोळ्याचाच उरला आहे. 'ष षटकोनाचा' ही ओळ माझ्या जुरूफची सख्खी बहीण.

डोळ्याच्या अक्षरांसाठी डोळ्याची कविता लागते, म्हणजे आकाराची. याचे एक सुंदर उदाहरण आपल्या दख्खनमध्ये आहे. विजापूरच्या सूफींच्या परंपरेतील दख्खनी चक्कीनामे जात्यावर दळणाऱ्या बायकांसाठी होती. रिचर्ड ईटन यांच्या 1978 च्या विजापूरच्या सूफींवरील ग्रंथात त्यांची चर्चा आहे. त्यात जात्याच्या खुंट्याला अलिफची उपमा दिलेली आढळते. त्या रचनांचा हेतू अध्यात्माचा होता, अक्षर शिकवण्याचा नव्हता, हे मी विसरत नाही. पण ज्या खुंट्यावर बाईचा हात रोज असतो तो उभा खुंटा म्हणजे अलिफ, ही कल्पना करणाऱ्याला शिकवण्याचे मर्म कळले होते.

तो धागा धरून मी माझी जुनी कविता बाजूला ठेवली आणि नुक्त्यांवर नवी लिहू लागले.

बे की कश्ती, नीचे गोटी
ते की कश्ती, ऊपर रोटी
गिन के देखो, कितनी रोटी?

शेवटच्या ओळीचे उत्तर कवितेत नाही. ते फळ्यावर आहे. फळ्याकडे न पाहता ही कविता पुरी करता येत नाही, आणि म्हणून ती स्नेहसंमेलनात म्हणायच्या कामाची नाही. नुक्ते निवडण्याचे आणखी एक कारण आहे. उर्दूत हर्फ शब्दात जोडला गेला की कश्ती राहत नाही, एक छोटा दात तेवढा उरतो. नुक्ता मात्र टिकतो. पूर्ण आकारावर लिहिलेली कविता मुलाला कायद्यात मदत करते आणि वाचनाच्या पहिल्याच ओळीत दगा देते. मराठीत आकाराच्या कवितेला वेगळा धोका आहे. 2009 च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवला, आणि हिंदीच्या पुस्तकात ल दांडीचा असतो. मी ल अक्षराच्या दोन पाकळ्यांवर ओळी केल्या, तर मुलांनी हिंदीचे पुस्तक उघडून दाखवले, "टीचर, यहाँ तो नहीं है."

क्रमाविषयी थोडे. अलिफ ते ये हा क्रम पुढे कोश पाहायला लागतो, वाचायला शिकताना तो लागतोच असे नाही. अडतीस हर्फांची एकच लांब कविता सुरांच्या आधाराने पाठ होते आणि सुरातच अडकते. मधूनच एक हर्फ विचारला की मूल पुन्हा अलिफपासून सुरू करते. चार-पाच हर्फांची छोटी कविता, त्याच हर्फांपासून बनणारे शब्द, मग पुढची कविता, असे असावे. इस्माईल मेरठी (1844-1917) यांनी शाळांसाठी पुस्तके रचली तेव्हा गाय, पाणचक्की असे समोरचे विषय घेतले, आणि भाषा घरातली ठेवली. त्या साधेपणाच्या मागे किती निवड आहे हे स्वतः लिहायला बसल्याशिवाय कळत नाही.

माझी नवी कविता अजून पुरी नाही. तुकडे तुकडे आहेत, काही मुलांनीच दिलेले. यमक पुष्कळ ठिकाणी मोडते. झे हा हर्फ बराच काळ राहिला होता. उर्दूत तो फारच थोड्या शब्दांत येतो. कायद्यात त्यासाठी गारांचा अर्थ असलेला झाला हा फारसी शब्द देतात, आमच्याकडे गारा पडल्या तर मुले 'ओले' म्हणून ओरडतात. मी तो हर्फ सोडून देणार होते. एक दिवस दुसरीतली एक मुलगी धावत आली, तिला तीन नुक्त्यांचा रे रस्त्यात सापडला होता. मधल्या सुट्टीत मी तिच्याबरोबर पाहायला गेले. दुरुस्तीच्या एका जुन्या दुकानावर उर्दूत रंगवलेली पाटी होती, 'टेलिव्हिजन'. दुकान बंद पडलेले, पाटीचा रंग उडालेला, पण झेचे तिन्ही नुक्ते शाबूत होते.